श्वास आणि पेशीतील चूल

अन्नावाचून माणूस काही आठवडे काढू शकतो, पाण्यावाचून काही दिवस. श्वासावाचून मात्र मोजकी मिनिटे. आपल्या भाषेने ‘प्राण’ हा एकच शब्द वारा आणि जीवित या दोहोंसाठी योजला, तो काही उगीच नव्हे. परंतु श्वासाबरोबर आत गेलेला वारा शरीरात नेमके काय करतो, हा प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर मिळवण्यास शास्त्रज्ञांना दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्या उत्तराचा एक धागा आज रुग्णालयांतील अतिदक्षता विभागात, मृत्यूशी झुंजणाऱ्या रोग्याच्या खाटेपर्यंत येऊन पोहोचला आहे. त्या धाग्याचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील लाव्हाझिए या थोर रसायनशास्त्रज्ञाने श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलनच होय, असे दाखवून दिले. मेणबत्ती जशी हवेतील ऑक्सिजन घेऊन जळते, तसाच प्राणिमात्राचा देहही ऑक्सिजन घेऊन उष्णता निर्माण करतो. हा विचार क्रांतिकारक होता. मात्र हे ज्वलन फुप्फुसातच होत असावे, असा त्याचा तर्क होता. १७९४ साली राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचा शिरच्छेद झाला आणि हा तर्क तपासण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्ल्युगर याने सिद्ध केले, की ही आग फुप्फुसात नव्हे, तर देहातील प्रत्येक पेशीत जळते. फुप्फुस हे केवळ दार. रक्त हे केवळ हमाल. चूल मात्र ज्याच्या त्याच्या घरी.

ही चूल पेशीत कोठे आहे, याचा शोध सूक्ष्मदर्शकाने सुरू झाला. १८९० साली लाइपझिग येथील रिखार्ड आल्टमान याने पेशींमध्ये दिसणाऱ्या बारीक कणांचे विस्तृत वर्णन केले. हे कण म्हणजे पेशीत वस्ती करून राहिलेले स्वतंत्र जीवच होत, असे त्याचे मत होते. समकालीनांनी ते हसण्यावारी नेले. १८९८ साली कार्ल बेंडा याने धागा आणि कण या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून या कणांना ‘मायटोकॉन्ड्रिया’ असे नाव दिले. मराठीत आपण त्यांना तंतुकणिका म्हणतो. एका मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे साधारणपणे एका तंतुकणिकेची जाडी.

नाव मिळाले, पण काम कळण्यास आणखी अर्धे शतक गेले. त्या अर्धशतकात एका भारतीयाचे नाव आदराने घ्यावे लागते. भीमावरम येथे जन्मलेले आणि मद्रासला वैद्यक शिकलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्ड विद्यापीठात सायरस फिस्क यांच्यासमवेत स्नायूंच्या रसाचे पृथक्करण केले आणि १९२९ साली एटीपी, म्हणजे अ‍ॅडिनोसीन ट्रायफॉस्फेट, हे द्रव्य शोधून काढले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही ते स्वतंत्रपणे सापडले. पेशीच्या बाजारात चालणारे हे नाणे होय. स्नायूचे आकुंचन असो, नवीन प्रथिन बांधणे असो, की पेशीतील मीठ बाहेर उपसणे असो, प्रत्येक कामाचा मोबदला याच नाण्यात चुकवावा लागतो. १९४८ आणि १९४९ या वर्षांत यूजीन केनेडी आणि आल्बर्ट लेनिंजर यांनी दाखविले, की ऑक्सिजनच्या साहाय्याने हे नाणे पाडणारी टाकसाळ म्हणजेच तंतुकणिका. लवकरच जॉर्ज पॅलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून तिच्या आतील पडद्यांच्या घड्या दाखविल्या आणि १९६१ साली पीटर मिचेल यांनी त्या पडद्यावर हायड्रोजनच्या विद्युत्भारित कणांचे धरण बांधून ऊर्जा कशी साठविली जाते, याची उपपत्ती मांडली. मिचेल यांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता फुप्फुसाकडे वळू. श्वासनलिका फुटत फुटत जाऊन शेवटी ज्या इवल्याशा फुग्यांत संपते, त्यांना वायुकोश म्हणतात. माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून असे तीस कोटी वायुकोश असावेत, असा अंदाज विसाव्या शतकाच्या मध्यावर करण्यात आला. २००४ सालच्या मोजणीत ही संख्या सरासरी अठ्ठेचाळीस कोटी भरली. वायुकोशाची भिंत इतकी पातळ, की तिला स्वतःचे पेशींचे अस्तर आहे की नाही, याविषयीच वाद होता. १९५२ साली फ्रँक लो यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो मिटविला. अस्तर आहे, आणि ते दोन प्रकारच्या पेशींचे आहे. पहिल्या प्रकारच्या पेशी पसरट, अतिशय पातळ. सुमारे पंचाण्णव टक्के पृष्ठभाग त्या व्यापतात आणि त्यांच्यामधूनच ऑक्सिजन रक्तात उतरतो. दुसऱ्या प्रकारच्या पेशी ठेंगण्या, घनाकार, कोपऱ्यात बसलेल्या. घरातील कर्त्या बाईप्रमाणे त्या नजरेत भरत नाहीत, पण घर त्यांच्यावरच चालते.

या दुसऱ्या पेशींची कामे मुख्यतः तीन. त्या एक स्निग्ध द्रव्य स्रवतात. साबणाच्या फेसाप्रमाणे ते पाण्याचा ताण कमी करते आणि त्यामुळे प्रत्येक उच्छ्वासानंतर वायुकोश मिटून चिकटत नाहीत. हे द्रव्य अपुरे असले म्हणजे अपुऱ्या दिवसांचे मूल श्वासासाठी धडपडते, हे १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी सिद्ध केले. दुसरे काम उपशाचे. वायुकोशात झिरपलेले पाणी काढून टाकण्यासाठी या पेशी आतील सोडियम उपसून पलीकडे टाकतात आणि सोडियमच्या मागोमाग पाणी निघून जाते. तिसरे काम दुरुस्तीचे. पातळ पेशी जखमी होऊन गळाल्या, की याच पेशी विभागून त्यांची जागा भरतात. द्रव्य तयार करणे, पाणी उपसणे आणि भिंत सांधणे, ही तिन्ही कामे खर्चाची आहेत. आणि तो सर्व खर्च तंतुकणिका पुरवितात. अवघ्या देहाला ऑक्सिजन पोहोचविणारे फुप्फुस स्वतःदेखील त्याच आगीवर जगते, ही गोष्ट फार काळ कोणाच्या लक्षात आली नव्हती.

ती लक्षात येण्यास एका रोगाची ओळख पटावी लागली. दुसऱ्या महायुद्धात शल्यवैद्यांना एक चमत्कारिक अनुभव येई. सैनिकाच्या जखमा बांधल्या, रक्तस्राव थांबला, तो सावरला असे वाटत असतानाच त्याचा श्वास भरून येई आणि फुप्फुसे पाण्याने भरत. ‘ओले फुप्फुस’ असे त्याला नाव पडले. पुढे व्हिएतनामच्या युद्धात ‘आघाताचे फुप्फुस’ हा शब्द रूढ झाला. तथापि असे रोगी बहुधा इतक्या झपाट्याने दगावत, की रोगाचा अभ्यास करण्यास अवधीच मिळत नसे. तो अवधी मिळवून दिला कृत्रिम श्वसनाने. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रोग्यांच्या श्वासनलिकेत नळी बसवून हाताने पिशवी दाबून श्वास देण्याची पद्धत योजली. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस त्या पिशव्या दाबीत बसले. अतिदक्षता विभागाचा जन्म येथूनच झाला असे मानतात. जो रोगी पूर्वी काही तासांत गेला असता, तो आता कित्येक दिवस जगू लागला आणि त्याच्याबरोबर त्याचा रोगही डोळ्यांना दिसू लागला.

१९६७ च्या ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश साप्ताहिकात अमेरिकेतील डेन्व्हर येथील अ‍ॅशबॉ, बिगेलो, पेटी आणि लेव्हिन या चौघा डॉक्टरांचा एक लहानसा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी बारा रोग्यांची हकीकत दिली होती. सात जणांना मोठे अपघात झाले होते, चौघांना विषाणूंचा संसर्ग होता, एकाच्या स्वादुपिंडाला दाह झाला होता. कारणे इतकी निरनिराळी. शेवट मात्र एकच. श्वास जलद, ऑक्सिजन देऊनही रक्त निळसर, फुप्फुसे ताठ आणि ओली. बारांपैकी सात जण मरण पावले. शवविच्छेदनात त्यांच्या वायुकोशांत जे पातळ पडदे दिसले, ते अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या फुप्फुसांत दिसणाऱ्या पडद्यांसारखेच होते. तीव्र श्वसनसंकटाचा हा विकार आज अतिदक्षता विभागातील सर्वांत भयप्रद आजारांपैकी एक समजला जातो. त्याच्याच व्यापक रूपाला ‘फुप्फुसाची तीव्र इजा’ असे म्हणतात.

त्या निबंधाने एक कोडे पुढे ठेवले. ज्याची मांडी मोडली, त्याच्या फुप्फुसाने काय अपराध केला होता? छातीला धक्का नाही, जंतू सापडत नाहीत. मग जंतूंवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी फुप्फुसात का जमतात आणि वायुकोशांची जाळपोळ का करतात?

योगायोग असा, की या कोड्याचे उत्तर ज्यात दडले होते तो निबंधही त्याच वर्षी, पाच महिने अगोदर, मार्च १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. मात्र त्यात फुप्फुसाचा उल्लेख नव्हता. लिन मार्ग्युलिस या तरुण विदुषीने त्यात असे प्रतिपादन केले, की तंतुकणिका ह्या मुळात स्वतंत्र जीवाणू होत्या. अब्जावधी वर्षांपूर्वी त्या एका मोठ्या पेशीत शिरल्या, तेथे नांदू लागल्या आणि कायमच्या घरच्या झाल्या. आल्टमानच्या हसण्यावारी नेलेल्या कल्पनेचेच हे नवे रूप होते. अमेरिकेत १९२७ साली आयव्हन वॉलिन यांनी हीच कल्पना एका ग्रंथात मांडली होती आणि तीही दुर्लक्षित राहिली. हे वॉलिन डेन्व्हरच्या ज्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवीत, त्याच महाविद्यालयात चाळीस वर्षांनी त्या बारा रोग्यांवर उपचार झाले. एका वास्तूत दोन सत्ये राहून गेली. एकमेकांची ओळख मात्र झाली नाही.

मार्ग्युलिस यांचा निबंध कित्येक नियतकालिकांनी साभार परत केला होता. परंतु पुरावा हळूहळू त्यांच्या बाजूने जमत गेला. तंतुकणिकांना स्वतःचा वेगळा डीएनए आहे, हे स्टॉकहोममध्ये मार्गिट आणि सिल्व्हन नास यांनी १९६३ सालीच दाखविले होते. तो डीएनए जीवाणूंप्रमाणेच वर्तुळाकार आहे. १९८१ साली केंब्रिज येथे मानवी तंतुकणिकेच्या डीएनएतील संपूर्ण १६,५६९ अक्षरे वाचण्यात आली. प्रथिन बांधताना पहिली वीट कोणती ठेवावयाची, याबाबतीतदेखील तंतुकणिका जीवाणूंचीच रीत पाळते. इतकी वर्षे घरात राहून हा पाहुणा घरचा झाला. आडनाव मात्र जुनेच राहिले.

दोन्ही धागे एकत्र आले ते २०१० साली. बोस्टन येथील कार्ल हाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या अपघातात सापडलेल्या रोग्यांचे रक्त तपासले. त्यात जंतू नव्हते. पण फुटलेल्या पेशींतून बाहेर सांडलेला तंतुकणिकांचा डीएनए निरोगी माणसांच्या तुलनेने हजारो पटींनी अधिक होता. आपली प्रतिकारशक्ती जीवाणू ओळखते ती त्यांच्या विशिष्ट खुणांवरून. तंतुकणिकेवर नेमक्या त्याच खुणा आहेत. जोवर ती पेशीच्या भिंतीआड असते, तोवर पहारेकऱ्यांची नजर तिच्यावर पडत नाही. हाड मोडले, स्नायू चिरडला आणि ती रक्तात आली, की पहारेकरी तिला शत्रू समजतात आणि शस्त्रे उपसतात. उंदरांच्या शरीरात असे तंतुकणिकांचे अंश सोडले असता त्यांच्या फुप्फुसांना दाह झाला. मांडी मोडलेल्या माणसाचे फुप्फुस का पेटते, या कोड्याचा मोठा उलगडा अशा रीतीने त्रेचाळीस वर्षांनी झाला.

परंतु हे झाले बाहेर सांडलेल्या तंतुकणिकांविषयी. फुप्फुसाच्या पेशींत ज्या शिल्लक राहतात, त्यांची अवस्थाही बिकटच असते. दाहातून निर्माण झालेली तीव्र ऑक्सिजनयुक्त द्रव्ये तंतुकणिकांच्या पडद्यांना भोके पाडतात. मिचेल यांनी वर्णिलेले धरण फुटते. एटीपीची टाकसाळ मंदावते. मग स्निग्ध द्रव्य आटते, पाण्याचा उपसा थांबतो, भिंतीची दुरुस्ती राहून जाते. बिघडलेली तंतुकणिका स्वतःही अधिक विषारी द्रव्ये बाहेर टाकू लागते आणि हे दुष्टचक्र स्वतःच्याच गतीने फिरत राहते. ऑक्सिजन भरपूर असूनही पेशीला तो वापरता येत नाही. पंक्तीला बसलेल्याच्या ताटात सर्व काही वाढले आहे, पण हातच लुळा पडला आहे, असा हा प्रकार. २००२ साली लंडनमध्ये मर्विन सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतुदोषाने गंभीर झालेल्या अठ्ठावीस रोग्यांच्या मांडीच्या स्नायूंचे तुकडे तपासले, तेव्हा जे दगावले त्यांच्या स्नायूंत एटीपी कमी आढळले होते. बिघाड एका अवयवापुरता नसून सर्व देहाचा असतो, हे त्यावरून दिसून आले.

डॉक्टरपुढचा पेच येथेच आहे. रोग्याला ऑक्सिजन न द्यावा तर तो तत्काळ मरतो. अतिरेकाने द्यावा तर ऑक्सिजनच फुप्फुस जाळतो. १८९९ सालीच लॉरेन स्मिथ यांनी दाटीच्या ऑक्सिजनने प्राण्यांच्या फुप्फुसांना सूज येते, हे नोंदवून ठेवले होते. आगीवाचून स्वयंपाक नाही आणि आग हाताबाहेर गेली तर घर नाही.

आपल्या देशाने हा रोग एका रात्रीत, एका शहरावर कोसळलेला पाहिला आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा वायू निसटला. तत्काळ मृतांचा सरकारी आकडा २,२५९ होता. पुढील वर्षांत तो कितीतरी वाढला. बहुसंख्य मृत्यू पाण्याने भरलेल्या फुप्फुसांमुळे झाले. शवविच्छेदन करणारे डॉक्टर हिरेश चंद्र यांना मृतांचे रक्त आणि फुप्फुसे लालभडक दिसली. यात सायनाइडचाही हात असावा, असा त्यांना संशय आला आणि सोडियम थायोसल्फेट द्यावे, असा आग्रह त्यांनी धरला. सायनाइड मारते ते तंतुकणिकेतील शेवटची पायरी अडवून. ऑक्सिजन दारात उभा राहतो आणि त्याला आत कोणी घेत नाही. या औषधावरून मोठा वाद झाला आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला १९८५ साली त्याची चाचणी घ्यावी लागली. वादाचे सर्व धागेदोरे येथे उलगडता येणार नाहीत. परंतु पेशीतील एका सूक्ष्म कणाविषयीचे ज्ञान हे हजारो लोकांच्या जीवनमरणाचे आणि न्यायाचे प्रकरण होऊ शकते, हे भोपाळने आपल्याला शिकविले.

उपचारांचा इतिहास नम्रतेचा आहे. आजवर ज्या उपायांनी प्राण वाचले, ते बहुतेक साधेच. २००० साली अमेरिकेतील ८६१ रोग्यांच्या चाचणीत यंत्राने मोठा श्वास देण्याऐवजी लहान श्वास दिला आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. २०१३ साली फ्रान्स आणि स्पेनमधील डॉक्टरांनी रोग्यांना दररोज दीर्घ काळ पालथे निजविल्याने अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू निम्म्यावर येतात, असे दाखविले. २०२० साली कोविडची महामारी आली, तेव्हा जगभरच्या रुग्णालयांनी याच दोन उपायांचा आधार घेतला. जखमी फुप्फुसाला विश्रांती द्यावी, म्हणजे ते स्वतःला सावरते, हेच त्यातील सार.

फुप्फुसाला नवी चूल देता येईल काय, असाही प्रश्न आता विचारला गेला आहे. २०१२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जहर भट्टाचार्य यांच्या प्रयोगशाळेने इजा झालेल्या उंदरांच्या फुप्फुसांत अस्थिमज्जेतील पेशी सोडल्या. या पेशी वायुकोशांच्या अस्तराला चिकटल्या आणि त्यांनी आपल्या तंतुकणिका त्या आजारी पेशींना देऊन टाकल्या. वायुकोशांतील एटीपी वाढले आणि अधिक उंदीर जगले. ज्यांच्या तंतुकणिका मुळात निकामी होत्या, अशा पेशी सोडल्या तेव्हा मात्र हा लाभ झाला नाही. २०१४ साली दिल्लीच्या जिनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेत अनुराग अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीतून पेशीत तंतुकणिका वाहून नेण्यात ‘मिरो’ नावाच्या प्रथिनाचा वाटा दाखवून दिला. शेजारणीने शेजारणीच्या विझलेल्या चुलीसाठी आपल्या चुलीतला निखारा द्यावा, ही रीत आपल्या खेड्यापाड्यांत काडेपेटी येण्यापूर्वी सर्रास होती. पेशींना ती फार प्राचीन काळापासून ठाऊक असावी, असे दिसते.

मात्र उंदरावर साधले ते माणसावर साधेलच, असे नाही. अस्थिमज्जेतील पेशी देऊन साठ रोग्यांवर केलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. उपचार सुरक्षित ठरला. परंतु त्याने मृत्यू टळतात, असे सिद्ध झाले नाही. हे अपयश नव्हे. शास्त्राची पावले अशीच पडतात. आल्टमानची कल्पना खरी ठरण्यास पाऊण शतकाहून अधिक काळ लागला, हे आपण पाहिलेच.

लाव्हाझिएची ती मूळ चूक या संदर्भात पुन्हा आठवते. आग फुप्फुसातच जळते, असे तो म्हणाला आणि पुढच्यांनी त्याला चुकीचे ठरविले. आज इतक्या वर्षांनी आपण म्हणतो, की आग फुप्फुसातही जळते, आणि ती विझली तर उरलेल्या देहातील एकही चूल पेटती राहू शकत नाही. अतिदक्षता विभागातील यंत्राच्या प्रत्येक सुस्काऱ्यामागे, त्या खाटेवरील माणसाच्या आतल्या आत, अब्जावधी वर्षांपूर्वी घरात आलेला तो जुना पाहुणा आपली राख सावरून पुन्हा पेट घेण्याची धडपड करीत असतो. डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी त्याला अवधी मिळवून द्यावयाचा, आणि बाहेर बाकावर बसलेल्या आप्तांनी वाट पाहावयाची. त्यातल्या कित्येकांची वाट पाहणे आता फळाला येते, ते या दीर्घ इतिहासामुळेच.